गाठीची टोकं

ता. ४ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चष्मा पुसून पुसून वाचलं. पेशीतल्या धाग्यांच्या टोकांना टेलोमिअर म्हणतात, एका पेशीच्या दोन होताना ती झिजतात, आणि ‘ब’ काविळीचा विषाणू यकृताला सारखा डिवचतो म्हणून तिथं जास्तच झिजतात, एवढं समजलं. शिवणयंत्रावर जन्म गेला. दर उसवणीला कड विरते, हे मला कोण शिकवणार? म्हणून डोकं चालवलं. माझ्या यकृतातली ती कर्करोगाची लहान गाठ सर्जनबाई कापायची म्हणतात. उरलेलं यकृत पुन्हा वाढतं, असंही म्हणाल्या. वाढणार म्हणजे पेशींच्या पेशी होणार, म्हणजे उरलीसुरली टोकंही जाणार! मी ऑपरेशनला नकार कळवून टाकला. तुझी आजी बोलत नाही. तू तरी शाबासकी दे.

जीव टांगणीला लागलेला,
आजोबा

ता. ९ मार्च

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

शाबासकी कसली, कपाळ माझं! पत्र प्रयोगशाळेत उभ्यानेच वाचलं. हातातली नळी पडता पडता वाचली. आमच्या सरांना विचारलं. ते आधी हसले, मग गंभीर झाले. म्हणाले, खरा धोका थांबण्यात आहे. उरलेल्या यकृताला वाढ झेपेल का, हे सर्जनबाईंनी तपासूनच ठरवलं असणार. आणि ऐका ना, परवाच आमच्याकडच्या यकृताच्या गाठींच्या नमुन्यांत दिसलं, बहुतेक गाठींची टोकं शेजारच्या यकृतातल्या टोकांपेक्षा आखूड! मी ओरडलेच आनंदाने. पण गाठ लबाड. टोकं झिजली की ती पुन्हा जोडायची युक्ती शिकते आणि वाढतच राहते. तिला तेवढी सवड देऊ नका. आजच होकार कळवा, विषाणूवरची गोळीही चुकवू नका. शाबासकी आजीला.

रागावलेली, पण तुमचीच,
भिंगरी

ता. २ एप्रिल

चि. भिंगरीस,
पोटभर आशीर्वाद.

गाठ गेली! अख्खी निघाली, कडेला काही उरलं नाही, असं सर्जनबाई आज म्हणाल्या. मी काठी टेकत वॉर्डभर सांगत सुटलो. नर्सबाईंनी दरडावून परत निजवलं. तुझी आजी बोलायला लागली आहे, आता थांबत नाही. टाके ओढतात, जेवण बेचव, रात्री उगाच धसका बसतो. पण ते चालायचंच.

गाठीचा तुकडा अभ्यासाला द्याल का, असं विचारायला एकजण आला होता. त्याचं बोलणं संपायच्या आत मी सही ठोकली. तुकड्यावर नाव घालत नाहीत म्हणे. हरकत नाही. तुमच्याकडे आलाच, तर सगळ्यांत हट्टी निघेल तो आपल्या घरचा समज.

अशीच रागावत जा,
आजोबा