दहा नंबरचा पिवळा शर्ट

कनाटा, कॅनडा, रविवार संध्याकाळ

मंडळाची फुटबॉल टूर्नामेंट आमच्या टीमने जिंकली. आमच्या! आणि मेडल फक्त फायनल खेळलेल्यांना, म्हणे.

दुसऱ्याच मॅचला माझ्या मांडीचा स्नायू दुखावला आणि मी बाहेर. माझ्या जागी कोण, तर आमच्या कॅप्टनचा, मिलिंदचा, मेहुणा. पुण्याहून चार दिवस आलेला पाहुणा. त्याच्याकडे जर्सी नव्हती, म्हणून मीच माझा शर्ट काढून दिला. पिवळा, दहा नंबरचा.

ब्राझीलच्या त्या दहा नंबरवाल्याचं तरी वेगळं काय झालं होतं? बासष्टच्या वर्ल्ड कपला दुसऱ्याच मॅचमध्ये मांडी गेली, पुढचं सगळं बाहेर बसून बघितलं, कप बाकीच्यांनी जिंकला. तरी जग त्याचे तीन वर्ल्ड कप मोजतं. तेव्हाचं मेडलसुद्धा कित्येक वर्षांनी का होईना, दिलंच त्याला. मिलिंदला हे सांगितलं तर हसला. "तू काय ब्राझीलचा आहेस का? चल, आमचा फोटो काढ."

काढला. मधोमध मेहुणा, माझ्या शर्टात, गळ्यात मेडल.

निघताना तो म्हणाला, "दादा, शर्ट धुऊन देतो हं." आणि मी काय बोलावं? "छे छे, राहू दे की तुम्हाला, कॅनडाची आठवण." पाहुण्याला असं म्हणायचं असतं. त्याने नको म्हणायचं असतं. ठेवला की त्याने!

घरी आल्या आल्या सुनीता म्हणाली, "शर्ट दे, मशीन लावतेय."

म्हटलं, गाडीत राहिला.