अकरा वीसचा मुहूर्त आणि चाळीस पेट्या

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
शेवटच्या पेटीचा खांब आज रोवला. चाळीस झाल्या. प्रत्येकीची एक काडी जमिनीत, ओल मोजायला, आणि वर वीतभर अँटेना. दर पंधरा मिनिटांनी पेटी एकदाच बोलणार, सेकंद-दीड सेकंद, की माझ्या वावरात इतकी ओल आहे. ऐकणारं यंत्र गावच्या पाण्याच्या टाकीवर बसवलं. कागदावर त्याचं नाव गेटवे. गावानं पहिल्याच दिवशी त्याला 'कान' म्हटलं. मलाही तेच बरं वाटतं.
मधे तार नाही, काही नाही. नुसती हवा. टाकीवर बसलं की खाली हरभरा नि तुरी दिसतात, आणि एवढ्या लांबून चाळीस जणांचं बोलणं येणार. ज्यानं हे काढलं त्याला नमस्कार.
सुरतेला लूमवर होतो, पुण्यात हॉटेलात, हैदराबादेत रंगकामावर. कुठं सहा महिने टिकलो नाही. इथं पाय थांबले.
आईचा फोन. "इथं घरी परतवाड्यात काम नाही काय? थ्या अमडापूरपाशी काय ठेवलं?"

१६ नोव्हें., रवि.
पेट्या चालू करायचा दिवस. पेट्या घेणाऱ्या शेतकरी गटाचे अध्यक्ष रामराव काका. त्यांनी पंचांग पाहून मुहूर्त काढला, अकरा वाजून वीस मिनिटं. मी म्हटलं, मी एकेक करत लावत जातो. काका म्हणाले, "काऊन? लग्नात एकेक पाव्हणा अक्षता टाकते काय? सगळे एका टायमाले!"
मग जो तो आपापल्या वावरात पेटीपाशी उभा. देवळाच्या भोंग्यावरून काका उलटे आकडे मोजत होते. दहा, नऊ, आठ... शून्याला सगळ्यांनी बटण दाबलं. टाकीखाली नारळ फोडला. पेढे.
काकांनी तिथंच सांगितलं, पुढच्या सोमवारी, २४ ला बैठक. पेट्या चालल्या तर ठेवू, नाही तर उपटून न्या. पेट्या बनवणारे, मला कामावर ठेवणारे पुण्याचे सर फोनवर म्हणाले, "गट नको म्हणाला तर तिथलं काम संपलं, नितीन. मग तू घरी."

१७, सोम.
लॅपटॉपवर चाळीसपैकी नऊ. एकतीस मुक्या.
दिवसभर पाहत बसलो. एकदा हे आठ, पुढच्या खेपेला दुसरेच आठ. पण एक नंबर दर वेळी हजर. ३७. तो तर पाटाच्या पार शेवटाला, कानापासून सगळ्यात लांब. टाकीखालची पेटी अधूनमधूनच ऐकू येते अन् ही दर खेपेला. डोकं चालेना.
३७ म्हणजे कुसुममावशी गवई. पेट्या घ्या म्हणून घरोघरी जाऊन पटवणारी तीच. दुपारी टाकीपाशी आली. "कारे, माह्या शब्दावर लोकायनं खड्डे खोदले. मले तोंडघशी नको पाडू बावा."
म्हटलं, नाही पाडणार. कशाच्या जोरावर म्हटलं कोणास ठाऊक.

१८, मंगळ.
चूक केली. मला वाटलं पेट्यांना कानाकडून 'ऐकलं' अशी पोच मिळत नाही म्हणून गोंधळ आहे. सरांना न विचारता लॅपटॉपवरून हुकूम सोडला : पोच मिळेपर्यंत पुन्हापुन्हा बोला.
नऊच्या चार झाल्या.
सर चिडले नाहीत, त्याचं जास्त वाईट वाटलं. शांतपणे म्हणाले, "हवा एकच आहे, नितीन. त्या कानाला एका वेळी आठच आवाज कळतात. त्याच्या वर गेलं की नुसता गलका. आणि पोच द्यायला कान स्वतः बोलायला लागला की तेवढा वेळ तो बहिरा असतो. तू गलका वाढवलास आणि कानात बोटंही घातलीस."
हुकूम मागं घेतला. सर पुढं म्हणाले, "पण पेट्या आपापल्या वेळेला बोलायला हव्यात. सगळ्या एकदम का बोलतायत ते शोध."

१९, बुध.
सकाळीच कुसुममावशीच्या वावरात गेलो. ती हरभऱ्याचे शेंडे खुडत होती. म्हटलं, "मावशी, तुमची पेटी काय निराळी हाये?"
"निराळी कायची? तूच त लावली."
"बटण कवा दाबलं होतं?"
हसली. "खरं सांगू? भोंगा वाजला तवा मी धुणं वाळू घालून राह्यली होती. आमच्यात मुहूर्त नाही पाहत. काम आटपून आली अन् दाबलं. सात-आठ मिन्टं झाली असतीन."
मी बांधावरच बसलो. पेटी बटण दाबल्यापासून पंधरा मिनिटं मोजते. एकोणचाळीस जणांनी एकाच सेकंदाला दाबलं, म्हणजे एकोणचाळीस पेट्या दर पंधरा मिनिटांनी एकाच सेकंदाला तोंड उघडतात. मावशीची तेवढी मागून, मोकळ्या हवेत.
मी सांगितलं तसं तिला एका दमात समजलं. मला तीन दिवस लागले होते. म्हणाली, "पाटाचंच हाये हे. सगळ्यायनं एका टायमाले दारं उघडली त कोणाच्याच वावरात पाणी पोचत नाही. पाळी लावा लागते." पाणी वापर संस्थेत पाटाच्या पाळ्यांची यादी अकरा वर्षं तीच करते. शाळा चौथी. माझी सातवी, तीही नापास.

२०, गुरु.
मावशीच्या ओट्यावर यादी केली. पंधरा मिनिटांत वीस-वीस सेकंदांच्या पंचेचाळीस जागा होतात. हा हिशेब माझा. कोणाला कुठं बसवायचं ते तिचं.
"शेवटच्याले आधी दे. वरचा कवाही घेते." लांबच्या पेट्या खरंच हळू बोलतात, त्यांना जास्त वेळ लागतो. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. दोन भावांची वावरं लागून आहेत, त्यांच्यामधे तिनं चार नावं घातली. "एकमेकाशी बोलत नाही दोघं, पण एका टायमाले बोलतीन पक्के."
पाच जागा रिकाम्या सोडल्या. विचारलं, कायले? "कोणी चुकलं त त्याले जागा नको काय?"
हेच सरांनी कॉलेजात शिकून केलं असतं. मी नुसतं लिहून घेत होतो.

२१, शुक्र.
काका अडले. वेळ बदलायची तर पेटी एकदा बंद करून लावावी लागते. "मुहूर्तावर लावलेलं बंद करत नसतात. माह्या पेटीले हात लावू देणार नाही." अन् त्यांचीच पेटी टाकीखाली, आवाज सगळ्यात मोठा. काका नाही म्हणाले की अर्धा गट नाही म्हणतो.
मावशी म्हणाली, "बरोबर हाये भाऊ तुमचं. तुमची राहू द्या अकरा वीसलेच. आमी सरकतो."
काका भांडायच्या तयारीनं आले होते. भांडायला कोणी उरलंच नाही. म्हणाले, "सरका मंग."
त्या सेकंदाला एकटेच राहिले तर त्यांचा कोणाला त्रास नाही. मला हे सुचलं नसतं. मी त्यांना रेडिओ समजवत बसलो असतो.

२२-२३
दोन दिवस घड्याळ घेऊन बांधाबांधानं. काका सोडून प्रत्येकाच्या ठरलेल्या सेकंदाला बटण. पायाला फोड. शनिवारी संध्याकाळी एकतीस बोलत्या झाल्या. एका पेटीची अँटेना बैलानं मोडली होती, चिखलीहून जीपनं नवी आणली. रविवारी दुपारी चाळीस.
लॅपटॉप मांडीवर घेऊन टाकीखाली बसलो. वीस सेकंद, एक नाव. वीस सेकंद, दुसरं. कोणी कोणाच्या बोलण्यात नाही. अख्ख्या शिवाराची हवा एक आणि सगळ्यांना पुरते. असं गावच्या बैठकीत कधी पाहिलं नाही.
सरांनी विचारलं, यादी कोणी केली? सांगितलं. मग म्हणाले, "पेट्यांची घड्याळं थोडी थोडी सरकतात. काही आठवड्यांनी शेजारी एकमेकांत घुसतील. नवा प्रोग्रॅम पाठवतो, पेटी दर खेपेला आपल्या मनानं जराशी मागंपुढं बोलेल, म्हणजे एकदा आदळल्या तरी पुढच्या खेपेला सुटतील." मावशीला सांगितलं तर म्हणाली, "पाळीची यादी दर हंगामाले नवीच करा लागते. त्यात काय."

२४, सोम.
बैठक ग्रामपंचायतीत. लॅपटॉप टेबलावर. चाळीसच्या चाळीस नावं सगळ्यांसमोर आली. एकानं आपलं नाव आल्यावर टाळी वाजवली. मला वाटलं झालं.
काका उठले. "बोलतात हे पाह्यलं. खरं बोलतात काय?"
पेट्या ऐकू येतात एवढंच मी सांगू शकत होतो.
काका : "कोणी तरी हरभऱ्याचं पाणी पेटीच्या भरोशावर करून दाखवा. पीक हाती राह्यलं त पेट्या ठेवू. नाही त उपटा."
मावशीनं हात वर केला. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मावशी, कायले?" तर म्हणे, "दुसऱ्याचं वावर लावू काय पणाले?"

२ डिसेंबर, मंगळ.
पाटाला पाणी सुटलं. आज मावशीची पाळी. आजूबाजूच्या वावरांत पाणी फिरून राह्यलं, माती काळी दिसते. तिची वरून पांढरी, भेगाळलेली. डोळ्यांना विचारलं तर कोणीही म्हणेल, सोड पाणी. पेटी म्हणते खाली ओल आहे, वीस-बावीस दिवस नको. आज पाळी सोडली तर पुढची वीस दिवसांनी.
काडी मीच रोवली होती. ठरल्याइतकी खोल गेली होती ना? आठवून पाहिलं. वाटतं गेली होती.
काका बांधावर येऊन उभे राहिले. "कुसुम, अजून विचार कर. हट्टाची गोष्ट नाही ही."
मावशीनं फावडं घेतलं. मला वाटलं, दार उघडते. तिनं होती तेवढीही फट मातीनं बुजवली आणि वरच्या वावरवाल्याला हाक दिली, "घे रे, माही पाळी तू घे."
सव्वाचारला ३७ बोलली. ओलीचा आकडा सकाळपेक्षा एकनं कमी.
उद्यापासून रोज दोनदा जाऊन हातानं माती उकरून पाहणार.