यार्डातलं प्रस्थान

बाबा, सकाळी आम्ही व्हिटबी सोडलं. बोट सरोवराच्या किनाऱ्याकिनाऱ्यानं नैर्ऋत्येकडे, ओकव्हिलला चालली आहे, दर वर्षी हिवाळा संपला की तुम्ही नेत होतात तशीच. सुकाणू माझ्या मुलीकडे आहे. तिच्या शेजारी लाइफ जॅकेटवर शाल गुंडाळून आई बसली आहे. हो, आई. मी खाली केबिनमध्ये बसून हे लिहिते आहे.

ती पहिली खेप मला अजून आठवते. मी शाळेत होते. लाकडी बोट हिवाळाभर यार्डात कोरडी राहिली की फळ्या आटतात, सांध्यांत फटी पडतात. पाण्यात उतरवून दोन दिवस धक्क्याला बांधून ठेवली की लाकूड फुगतं आणि फटी आपोआप मिटतात. यार्डातला माणूस हे तुम्हाला सांगत होता, तुम्ही मान हलवत होतात. बोट पाण्यात उतरवायला क्रेन नेमकी अक्षय्य तृतीयेला मिळाली होती. आईनं रुमालात तांदूळ आणि सुपारी बांधून आणली होती. तिच्या माहेरी मुहूर्तावर निघता आलं नाही तर अशी पुरचुंडी शेजारच्या घरी नेऊन ठेवत. प्रवास सुरू झाला असं धरायचं आणि मग सवडीनं निघायचं. आज प्रस्थान ठेवू, पुरचुंडी यार्डाच्या ऑफिसात राहू दे, परवा निघू, असं तिचं म्हणणं. तुम्ही हसलात. ही मुहूर्ताला फसवायची युक्ती आहे म्हणालात, मानायचं तर पुरतं मानावं. आणि तिचं मन राखतो आहे असं दाखवत त्याच दिवशी बोट काढलीत.

स्कारबरोचे कडे दिसायला लागतात तेव्हा पाणी माझ्या मोज्यांपर्यंत आलेलं आहे. आई आमरसाच्या रिकाम्या डब्यानं पाणी उपसते आहे. तुम्ही पंपावर वाकला आहात, पंप चालत नाही. शेवटी एका मोठ्या बोटीनं आपल्याला ओढत धक्क्याला नेलं. तिथे, अनोळखी माणसांसमोर, तुम्ही तिला म्हणालात, "तुझ्या मुहूर्तानं आज पोरीला बुडवलं असतं." मराठीत म्हणालात, तरी ती माणसं दुसरीकडे बघू लागली. आईनं डबा विसळून पिशवीत ठेवला. त्यानंतर ती बोटीवर चढली नाही.

पुढच्या वर्षापासून तुम्ही एकटेच जाऊ लागलात. कॉलेजात असताना मी एकदा तुमच्याबरोबर आले. बोट पाण्यात उतरली, तुम्ही खिशातून पुरचुंडी काढलीत, ऑफिसातल्या खुंटीला अडकवलीत, आणि आपण गाडीनं घरी परतलो. यार्डातला माणूस म्हणाला, दर वर्षी तुझे वडील जेवणाचा डबा इथेच विसरतात. तुम्ही मला म्हणालात, "आईजवळ बोलू नकोस." दोन दिवसांनी निघताना घरी फोन केलात, आत थेंब नाही, येतेस का म्हणून. ती म्हणाली, पुऱ्या लाटायच्यात. कोणासाठी, ते तुम्ही विचारलं नाहीत.

तुम्ही गेल्यावर इतकी वर्षं बोट मी सांभाळली, आणि ही गोष्टही. यंदा आईचे गुडघे फारच दुखतात, पुढच्या वर्षी ती धक्क्यापर्यंतसुद्धा येऊ शकेल असं वाटत नाही. म्हणून परवा तिला पुरचुंडीचं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "माहीत आहे. तांदूळ माझ्याच डब्यातले जायचे. बासमती पुढे ठेवलेला असायचा, तरी हे मागचा आंबेमोहोर न्यायचे." मग इतकी वर्षं का आली नाहीस, असं मी विचारलं. "मला काय तांदूळ हवे होते? एकदा तोंडानं म्हणायचं, चुकलं म्हणून."

मी म्हटलं, बाबा म्हणाले होते. हॉस्पिटलात, शेवटच्या दुपारी, तू घरी डबा आणायला गेली होतीस तेव्हा.

"काय म्हणाले?"

"तुझ्या आईचं ऐकायला हवं होतं. चुकलं माझं."

ती भाजी निवडत राहिली. देठ आणि पानं एकाच ताटलीत पडत होती. मग म्हणाली, "बोटीत वारं लागेल. माझी शाल कुठे आहे बघ."

आज तिला मी आणि मुलीनं धरून चढवलं. बसायच्या आधी तिनं तळाची फळी उचलायला लावली, वाकता येत नसताना वाकली आणि आत हात घातला. हात कोरडाच होता, तरी तिनं तो शालीला पुसला. नात म्हणाली, "It's fine, Aji, I checked." आई म्हणाली, "तू बघितलंस गं. मी नव्हतं बघितलं."

मघाशी ते कडे मागे पडले. आईनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. केबिनच्या दारातून आत डोकावून तिनं मला विचारलं, "आणखी काय म्हणाले होते गं?" मी म्हटलं, आठवून सांगते. म्हणून ही वही घेऊन बसले आहे.

त्या दुपारी तुम्ही एवढंच म्हणाला होतात की खिडकी लाव. ओकव्हिल यायच्या आत हा कागद फाडायला हवा. मराठी वाचता येणाऱ्या आता घरात आम्ही दोघीच आहोत.