आधी रेघ, मग अक्षर

वर्धा,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. गोपाल,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत. माझ्या आकांक्षाला सावंगीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. आपल्या अल्लीपूरचा ओमप्रकाश इकडे कामासाठी आला होता, त्याच्याच हाती हे पत्र आणि आईच्या गुडघ्याचं तेल देते आहे. फोन तू उचलत नाहीस. वकिलांनी तुला काही लिहायचं नाही असं बजावलंय, तेव्हा वाचून झालं की चुलीत घाल.

बाबांचं शेत एकट्या तुझ्या नावावर करायला माझी हरकत नाही, असं ते संमतीपत्र. त्यावरची सही माझी नाही, हे मी कोर्टात सांगितलं. ‘ताईनं माझ्यासमोर केली,’ हे तू शपथेवर सांगितलंस. सही तूच केलीस, असं मी तेव्हापासून धरून बसले होते. लेकीसमोरही तुला नाही नाही ते बोलले.

काल नागपूरचे हस्ताक्षरतज्ज्ञ श्रीनिवासराव वकिलांकडे आले. मूळ कागद त्यांनी कोर्टात तपासला आहे. माझ्याकडून बसून, उभ्यानं, भरभर अशा सह्या आधीच करून घेतल्या होत्या. तुझ्या सह्या कोर्टाच्या कागदांवर होत्याच. मोठे केलेले फोटो टेबलावर मांडून म्हणाले, "ताई, ही सही तुमची नाई. पण भावाचीबी नाई."

मग बोट ठेवून दाखवलं. तू काय, मी काय, आपण अक्षरं लिहून वरून रेघ मारतो. या सहीत अक्षरांचे दांडे रेघेच्या शाईवर चढले आहेत. "आधी लाइन ओढली, मंग अक्षरं टांगली. असं लिहिणारं घरात कोणी हाय का?"

मी नाही म्हटलं. वकील लगेच अर्ज लिहायला बसले.

तू लहान होतास, तुला आठवणार नाही. मी पाचवीत असताना आई पाटी घेऊन माझ्याजवळ बसायची. "कोकिळे, पयले लाइन मारू दे मले. लाइन नसली त माहे अक्षरं खाली पडतेत." तिनं तीनच नावं घोटली. स्वतःचं, तुझं आणि माझं.

तू तिला सहीला बसवलंस की तिनं आपणहून केलं, मला ठाऊक नाही. बाबांच्या वर्षश्राद्धाला तीच म्हणाली होती, "दे न माय सही करून, तुले काय कमी हाय?" मी ऐकलं नाही. तिची चीड येते आहे मला, हेही खरं.

घरातल्या सगळ्यांच्या अक्षरांचे नमुने घ्यावेत, असा वकिलांचा अर्ज तयार आहे. दोन डिसेंबरला तारीख. तिथे आईपुढे कागद ठेवतील आणि ती सगळ्यांदेखत आधी रेघ ओढेल. तिला दुसरं येतच नाही.

अर्जावर मी अजून सही केलेली नाही. हिस्साही सोडणार नाही. दोन तारखेआधी ये, आणि तो कागद मागे घेतो असं तुझ्या तोंडानं सांग. मग ती सही कुणाची, हे कुणी विचारणार नाही. नाही आलास तर मी सही करीन. आईसाठी मी थांबेन, असं धरून चालू नकोस.

तिला यातलं काही बोलू नकोस. तेल कोमट करून लाव.

तुझी ताई,
कोकिळा
(रेघ शेवटी मारली आहे. बघून घे.)