किल्ल्या काढताना अंगात सदरा असू देण्याबाबत

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब,
जिल्हाधिकारी कार्यालय, परभणी.

अर्जदार : मुंजाजी केरबा कचरे, वय ५२, धंदा पाण्यात पडलेल्या वस्तू बुडी मारून काढणे, रा. मौजे वाघडोह (गोदाकाठ), जि. परभणी.

विषय : नदीत पडलेल्या सरकारी किल्ल्या काढण्यासाठी ऊन चढण्यापूर्वी आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून पाण्यात उतरण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) धान्य गोदाम निरीक्षकांचा लेखी हुकूम, दि. ५ मे १९८७.
२) सरकारी दवाखान्यातील डॉक्टरबाईंची चिठ्ठी, दि. ७ मे १९८७.

महोदय,

अर्जदारास लिहिता येत नसल्याने त्याने सांगितले तसे हे लिहिले आहे. लिहिणार नागनाथ कोंडिबा खंदारे, बी. ए.; पदवी कोणत्या विद्यापीठाची, हे त्या विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागल्यावर कळविण्यात येईल. अर्जदाराचे बोलणे होईल तेवढे सरकारी भाषेत बसविले आहे. जेथे बसले नाही तेथे तसेच ठेवले आहे.

१. अर्जदाराच्या अंगावर चौदाव्या वर्षापासून कोड आहे. खांदे, पाठ, अर्धा चेहरा आणि दोन्ही हात पांढरे आहेत. घाटावर प्रवाहात त्याच्या खालच्या बाजूला कोणी आंघोळ करीत नाही. मात्र कोणाची घागर, कोणाची जोडवी किंवा कोणाचा माणूस डोहात गेला की सर्वप्रथम अर्जदाराच्याच दारात माणसे येतात. त्याविषयी अर्जदाराची तक्रार नाही. त्याचे म्हणणे, "पाण्यात गेलं की रंग कुणी इचारत न्हाई. मासा तर मुळीच इचारत न्हाई." आजवर तो दिवस उगवता उतरे आणि ऊन अंगाला टोचू लागण्याच्या आत वर येई. त्यामुळे अडतीस वर्षांत त्याचे अंग कधी भाजले नव्हते.

२. सोमवार, दि. ४ मे रोजी येथील धान्य गोदामाचे निरीक्षक दिनकरराव हे मानवतहून एस.टी.ने पैलतीरी उतरले व रिवाजाप्रमाणे गुळाच्या काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, बसून डोह ओलांडू लागले. डोहाच्या मध्यावर ते पान थुंकण्यासाठी उभे राहिले. काहिलीत उभे राहू नये, हे वाघडोहातले रांगते पोरही जाणते. निरीक्षक साहेब सावरले, परंतु त्यांच्या खिशातील गोदामाच्या किल्ल्या सावरल्या नाहीत. पंचनाम्यात "किल्ल्या अचानक नदीत गेल्या" असे लिहिले आहे. पानाचा उल्लेख नाही.

३. गोदामात पाझर तलावाच्या कामावरील दोनशे मजुरांची ज्वारी होती. सरकारी कुलूप तोडण्यास वरून लेखी मंजुरी लागते. ती मागविण्याचे पत्र निरीक्षकांच्या टेबलाच्या खणात तयार होते आणि टेबल गोदामात होते. सबब कोतवाल अर्जदाराच्या दारात आला.

४. अर्जदार म्हणाला की, तो दुसऱ्या दिवशी पहाटे उतरेल व आठच्या आत किल्ल्या देईल. निरीक्षकांनी नकार दिला. किल्ल्या सरकारी असल्याने शोध त्यांच्यासमक्षच व्हावा, आणि त्यांची एस.टी. अकराला येते. अर्जदाराने मान्य केले, परंतु अंग झाकण्यासाठी सदरा घातला. त्यावर निरीक्षक म्हणाले, "सदऱ्यात किल्ल्या लपवशील." अर्जदार म्हणाला, "साहेब, लपवून जाऊ कुठं? गोदामाम्होरं दोनशे माणसं बसल्यात." त्यावर संदर्भ क्र. १ चा हुकूम निघाला : बुडी मारणाऱ्याने लंगोटीखेरीज अंगावर वस्त्र ठेवू नये.

५. मंगळवार व बुधवार, अकरा ते तीन, अर्जदार उघड्या अंगाने बुड्या मारीत होता. निरीक्षक व पंच काठावर छत्रीखाली बसले होते. अर्जदाराने दम घेण्यापुरती छत्री मागितली असता, ती कार्यालयीन असून कार्यालयाबाहेरील इसमावर धरता येत नाही, असे उत्तर मिळाले. पहिल्या दिवशी त्याने करडीचे तेल चोळून पाहिले. पाणी गार असल्याने पाठ भाजते आहे हे त्याला पाण्यात कळलेच नाही. घरी आल्यावर कळले.

६. त्या दोन दिवसांत डोहातून एक पितळी तांब्या, सायकलची घंटी आणि माजी सरपंच माणिकराव यांची दातांची कवळी निघाली. कवळी वानराने नेली असे माणिकराव दोन वर्षे सांगत होते. तिन्ही वस्तूंचा रीतसर पंचनामा झाला. कवळी ओळखण्यास माणिकरावांनी तोंड न उघडता नकार दिल्याने ती सरकारजमा आहे. किल्ल्या निघाल्या नाहीत.

७. बुधवारी घरी आल्यावर अर्जदाराच्या खांद्यांवर बोराएवढे फोड होते. पाठ टेकवेना, म्हणून तो खांबाला कपाळ लावून बसला. पत्नी सरजाबाई हिने ओले धोतर त्याच्या पाठीवर धरले आणि दर थोड्या वेळाने बदलले. ती म्हणाली, "उद्या जायचं न्हाई. तुमाला काई झालं तर सरकार मला दुसरा मुंजाजी काढून देणार हाय का?" परंतु गोदामासमोर बसलेल्या मजुरांपैकी कडूबाई ही तिसऱ्या दिवशी शेजारणीकडून उसने पीठ नेत असताना त्याने पाहिली होती. ही गोष्ट अर्जात घालू नये असे तो म्हणतो. घातली आहे.

८. गुरुवारी सकाळी सरजाबाईने त्याला दवाखान्यात नेले. डॉक्टरबाईंनी फोड न फोडता साफ केले आणि विचारले की, अंगाला काय लावले. करडीचे तेल, असे सांगताच त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही अंग तळलंत." त्यांनी समजावले की, माणसाच्या कातडीतला रंग हीच तिची छत्री, आणि कोडाच्या जागी ती नाही. ऊन वरून लागते तसे पाण्यावरून उलटून खालूनही लागते; ढग आले तरी लागते. सबब अकरा ते चार पाण्यात जाऊ नये. उतरायचेच तर पूर्ण बाह्यांचा घट्ट विणीचा सदरा घालावा, डोक्याला फडके बांधावे. नाक, कान, ओठ व हाताच्या पाठीवर जस्ताचा पांढरा मलम जाड थापावा. पाण्यातून वर आले की पुन्हा थापावा, कारण नदी तो ठेवून घेत नाही, धुऊन नेते. मग साध्या पाण्याने अंग धुऊन टिपावे, आणि भाजले नसेल तेथेच खोबरेल लावावे. पाणी पोटातही भरपूर जाऊ द्यावे. फोड बरे होईस्तोवर मात्र नदीचे नाव काढू नये. हे सर्व चिठ्ठीत आहे. अर्जदाराला वाचता येत नाही, परंतु ते त्याला पाठ आहे.

९. त्याच दिवशी अकराला चिठ्ठी निरीक्षकांना दाखविली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली व आरोग्य खात्याचा हुकूम पुरवठा खात्यास लागू होत नाही, असे सांगून परत केली. तेव्हा अर्जदाराने काठाचा चिखल अंगाला थापला. त्याचे म्हणणे, "म्हशीला इतकी अक्कल हाय, तर माणसाला का नसावी." निरीक्षकांनी चिखल धुवायला लावला. त्यात किल्ली बसू शकते, असे त्यांचे मत पडले. अर्जदाराने एक बुडी मारली, वर येऊन काठावर बसला, आणि उठला नाही. बाकीचा दिवस पंचांनी पाण्याकडे पाहून काढला.

१०. शुक्रवार, दि. ८ रोजी दिवस उगवता अर्जदार एकटा डोहावर गेला. डॉक्टरबाईंनी नदी बंद केली असतानाही गेला, हा अपराध तो कबूल करतो. अंगात सदरा, डोक्याला फडके, तोंडाला मलम. सरजाबाई काठावर उभी होती व रागावलेली असल्याने बोलत नव्हती. तिसऱ्या बुडीला, काळ्या खडकाच्या कपारीत, किल्ल्या हाताला लागल्या. अर्जदार वर आला तेव्हा सूर्य बाभळीच्याही वर आला नव्हता. तो सांगतो की, लगेच बाहेर यावेसे वाटेना. चार दिवसांनी पाणी पुन्हा त्याचे झाले होते. थोडा वेळ तो नुसताच पोहला.

११. अकराला निरीक्षक गोदामासमोर आले. अर्जदाराने किल्ल्या पुढे केल्या. निरीक्षकांनी प्रथम त्याचा सदरा पाहिला, मग किल्ल्या. ते म्हणाले की, या किल्ल्या पंचांच्या अपरोक्ष, वेळेबाहेर आणि वस्त्रानिशी काढल्या असल्याने हरवलेल्या किल्ल्या त्याच, असे धरता येत नाही. त्या पुन्हा जागेवर ठेवून दुपारी नियमाप्रमाणे काढाव्यात. अर्जदाराला वाटले, साहेब चेष्टा करायलेत. साहेब चेष्टा करीत नव्हते.

१२. तेवढ्यात कडूबाई उठली. तिने निरीक्षकांच्या हातातून किल्ल्या घेतल्या, गोदामापाशी गेली व कुलूप उघडले. मग वळून म्हणाली, "कुलपानं वळकल्या बगा." दोनशे माणसे उठून उभी राहिली असता निरीक्षकांनी वाटप सुरू करण्याचे मान्य केले. हजेरीपत्रकाप्रमाणे प्रत्येकाला ज्वारी मिळाली. कोणी दाणाही जास्त नेला नाही.

१३. वाटप संपल्यावर निरीक्षकांनी किल्ल्या मागून घेतल्या, काहिलीत बसले आणि कारवाई अपुरी राहू नये म्हणून मध्यावर जाऊन स्वतःच्या हाताने त्या डोहात टाकल्या. या वेळी ते बसून होते. पंचनामा झाला. सोमवार, दि. ११ रोजी दुपारी बाराला, सूर्य डोक्यावर असताना, लंगोटीवर उतरून अर्जदाराने किल्ल्या काढाव्यात, न काढल्यास सरकारी कामात अडथळा समजला जाईल, असा तोंडी हुकूम आहे. गोदाम रिकामे व उघडे असून कोतवाल उघड्या दाराची राखण करीत आहे.

१४. किल्ल्या कोठे आहेत हे अर्जदारास ठाऊक आहे. तो त्या काढून देण्यास तयार आहे. डोह त्याचा आहे, आणि त्याचे म्हणणे की डोहात लोखंड राहू नये, मासे बुजतात. परंतु सोमवारी बाराला तो उघड्या अंगाने उतरणार नाही. पूर्वी भीतीपोटी उतरला, याची त्याला आता लाज वाटते. फोड बसल्यावर एखाद्या पहाटे, अंगात सदरा घालून तो उतरेल. निरीक्षकांनी हजर राहावे. पहिल्या एस.टी.ने येणे जमत नसल्यास आदल्या दिवशी यावे. सरजाबाई भाकरी घालील, असे अर्जदार म्हणतो. सरजाबाईने यास दुजोरा दिलेला नाही.

तरी साहेबांनी माणसाच्या कातडीचा विचार करून सदऱ्यास मंजुरी द्यावी. सदरा अर्जदाराचा स्वतःचा आहे. सरकारने फक्त त्याच्याकडे संशयाने पाहणे थांबवावे.

आपला, सोललेला परंतु नम्र,
मुंजाजी केरबा कचरे

ठिकाण : वाघडोह
दिनांक : ९ मे १९८७

सोबत : १) हुकुमाची नक्कल. २) डॉक्टरबाईंची चिठ्ठी (भिजलेली). ३) सदरा, पाहण्यासाठी, तपासून परत मिळावा, दुसरा नाही.

निशाणी डावा अंगठा : दुपारच्या तापलेल्या खडकांना धरून वर चढल्याने अर्जदाराच्या तळहातांची व बोटांची साल निघाली आहे. तीन वेळा शाई लावली, तिन्ही वेळा कागदावर नुसता काळा डाग उमटला, रेघ एकही नाही. हा डाग मुंजाजी कचरे यांचाच आहे, असे मी समक्ष पाहून लिहून देतो. रेघा पाहिजे असल्यास कातडी येईपर्यंत थांबावे लागेल.
— ना. कों. खंदारे