एकाच डोंगराआडची चार मतं

मंगळवार, संध्याकाळ. कोल्हापूर.

रिकामा चॅनल शोधून वापरणाऱ्या आमच्या रेडिओने आज चाचणीत एका रुग्णवाहिकेचा वायरलेस दाबला. रक्त तयार ठेवा, हा निरोप दवाखान्याला पोचलाच नाही. बाळंतीण वाचली. मूल नाही.

शाहूवाडीत पाच यंत्रं ऐकत होती. चॅनल रिकामा की नाही, ते बहुमताने ठरवायचं, हा नियम माझाच. चार म्हणाली, रिकामा. पाचवं डोंगरमाथ्यावर, माझ्या विद्यार्थिनीकडे, अश्विनीकडे. तिचा फोन आला, "मॅडम, हितं कोणतरी बोलतंय की. थांबा जरा."

"चारास एक, बाळ," मी हसले आणि इथून प्रक्षेपण सुरू केलं.

ती चारही रस्त्यालगत, एकाच डोंगराच्या आड. सोयीचं म्हणून मीच तिथे ठेवलेली. आडोशाला सगळीच बहिरी. मग ती चार मतं कशी? कॉन्व्हेंट शाळेत एका बाकावरच्या चौघींचं सारखं उत्तर सिस्टर एकच धरायच्या. आणि मी?

अश्विनीने अहवालात लिहिलंय, पाचवं यंत्र बिघडलं होतं. मला वाचवायला. वेडी पोर.

ती ओळ मी खोडली. पाचवं यंत्र बरोबर होतं, असं लिहिलं. खाली सही केली.