न धुतलेले हात

आई, हात न धुता लिहायला बसले आहे. आत्ताच घरात एक गोष्ट घडली, एवढीशी, कुणाला सांगितली तर हसतील अशी. तेव्हापासून मला स्वतःची इतकी किळस आलीय की बोलायला तुझ्याशिवाय कुणी सुचलं नाही. ती गोष्ट सांगतेच, पण आधी तुझं सांगावं लागेल, नाहीतर माझं मलाच कळायचं नाही. तू गेलीस तेव्हा होतीस त्यापेक्षा आता मी वयाने मोठी आहे, तेव्हा जरा तोंड सैल सोडलं तर रागावू नकोस.

जोगेश्वरीची आपली चाळ, तिच्यात मधली खोली, आणि सगळ्या चाळीत मिळून एक नळ. गिरणी बंद पडून बाबा अंधेरीच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागले होते. पाणी पहाटे यायचं आणि लोकांचे डोळे पुरते उघडायच्या आत जायचं. त्या एवढ्याशा पाण्यात तुझा आजार वाढला. पिंप भरलं की तू आधी झाकण धुवायचीस, मग झाकण धुतलेला हात, मग त्या हाताने काढलेली कडी, मग कडी धुतलेला हात. लाल साबणाची वडी बघता बघता झिजायची. तुझी बोटं पांढरी पडलेली, भेगांतून रक्त. बाबा कामावरून यायचे आणि तोंड धुवायला तांब्याभर पाणी नसायचं. मी शाळेतून आले की दारातच उभी. दप्तर बाहेर, चपला बाहेर, कपडे थेट मोरीत. माझ्या केसांना हात लावायचा म्हटलं की तुझ्या अंगावर काटा यायचा. शेजारच्या काकू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या, त्या ड्यूटीला निघण्याआधी माझ्या वेण्या घालून द्यायच्या. काकू नगरकडच्या, बौद्ध. हे असं वेगळं सांगावं लागतं याचीच मला शिसारी येते, पण पुढचं सगळं त्यावरच आहे.

कारण लोकांना तू आजारी दिसतच नव्हतीस गं! मासे सोडलेस, तर मुलुंडहून आलेली आत्या म्हणाली, "देवाकडे मन लागलं तिचं." अरे, मालवणकडची बाई बांगडा सोडते आणि कुणाला वाटत नाही की हिचं काहीतरी बिनसलंय! खवल्यांचा वास हातावरून जात नाही म्हणून तू रडायचीस, ते मी बघितलेलं. पण आत्या चाळीतल्या बायकांना सांगते, वहिनीचं सोवळं म्हणजे सोवळं, आणि बायका माना डोलावतात. एक सकाळ तर अजून डोळ्यांसमोरून जात नाही. काकूंनी हंडा भरून बाजूला घेतला आणि तुझा नंबर आला. तू तोटी साबणाने घासायला लागलीस. घासतेयस, घासतेयस, पाणी वाहून चाललंय, मागे रांग. एरवी तू कुणाच्याही मागून तोटी घासायचीस, माझ्या मागूनसुद्धा. तेव्हा लोक शिव्या घालायचे. त्या दिवशी एक माणूस बोलला नाही. उलट मागची एक बाई हळूच म्हणाली, "बरोबरच आहे तिचं." काकूंनी हंडा खाली ठेवला. "वहिनी, नळ धुताय की मला?" तू तोटी घासत राहिलीस. आणि मी, त्यांनीच घातलेल्या वेण्या घेऊन, तिथेच उभी.

पुढे पाण्यावरून घरात भांडणं पेटली आणि बाबांचं डोकं फिरलं. तेव्हा कुठे उपाय सुरू झाले. आधी गावी नेलं, देवळात गाऱ्हाणं घातलं, कौल लावला. देवाने सांगितलं, जागेवाल्याचं, म्हणजे घरच्या जागेच्या राखणदाराचं, देणं राहिलंय. कोंबडा दिला. येताना एसटीच्या दांड्याला धरायला लागू नये म्हणून तू खिडकीच्या बाजूला अंग चोरून बसलीस. मग अंधेरीचा तो मोठा डॉक्टर. त्याने विचारलं काय होतं, तर तू म्हणालीस, "आतून कोण तरी सांगता, धू, धू." झालं! त्याने पुढे एक शब्द विचारला नाही. आवाज ऐकू येतात, म्हणजे स्किझोफ्रेनिया. गोळ्या सुरू. तू लाकडासारखी ताठ झालीस, तोंडातून लाळ गळायला लागली, आणि धुणं मात्र थांबलं, कारण उठायलाच होईना. पिंपात पाणी उरायला लागलं. आत्या आली आणि तुला कोपऱ्यात बसलेली बघून म्हणाली, "चला, बरी झाली बाई." बाबा पण म्हणाले, बरी झाली. तेव्हापासून तो शब्द मला ऐकवत नाही. गप्प बसलं की माणूस बरं! शेवटी पैसे संपले म्हणून बाबांनी तुला महापालिकेच्या हॉस्पिटलात नेलं, काही समजून नव्हे.

तिथल्या डॉक्टरने मात्र विचारलं. बाबा ड्यूटीवर होते म्हणून सोबतीला मी होते, शाळेच्या गणवेशात. तो म्हणाला, "आतून सांगतं ते कोण? बाई की पुरुष?" तू त्याच्याकडे बघितलंस, म्हणालीस, "माझाच मन, दुसरा कोण असतला?" "आणि हात खरंच घाण असतात असं वाटतं तुम्हाला?" "नाय ओ. माका कळता, हात साफ आसत. पन मन गप रवना नाय." आई, इतक्या दिवसांत हे तुला कुणीच विचारलं नव्हतं. बाबांनी नाही, मी नाही, त्या मोठ्या डॉक्टरने तर नाहीच. तो म्हणाला, हा मंत्रचळ. ज्याला आवाज ऐकू येतात त्याला ते आवाज दुसऱ्याचे वाटतात, खरे वाटतात. तुम्हाला कळतंय की हे खोटं आहे, आणि तरी राहवत नाही. तुम्ही उदास दिसता ते या छळामुळे, तो वेगळा आजार नाही. आधीच्या गोळ्या बंद करून त्याने दुसऱ्या दिल्या. वर म्हणाला, "पुरतं जाईल असं धरून बसू नका. मनात येईल. येऊ दे. आलेल्या पाहुण्याला फक्त जेवायला वाढायचं नाही." तू चक्क हसलीस. मला तो माणूस देव वाटला.

अर्ध्या तासापुरता. कारण मग त्याने विचारलं, कशाची किती घाण वाटते, कमीपासून जास्तपर्यंत सांगा. एकेका वस्तूला हात लावायचा आणि अर्धा तास न धुता बसायचं, ढवळलं तरी बसायचं, हाच यावरचा उपाय. तू सांगत गेलीस. दाराची कडी, नळाची तोटी, संडासाचं दार, मुलीचे केस. आणि सगळ्यांत जास्त? तू म्हणालीस, शेजारणीच्या घरची वाटी. त्याचं पेन थांबलं. "कोण लोक आहेत?" तू सांगितलंस. त्याचा चेहरा एकदम निवांत झाला. "मग ते राहू द्या. तो काही आजार नाही, ती तुमच्याकडची पद्धत झाली." थू! शिकलासवरलेला माणूस, एवढं बारीक निवडून काढणारा, आणि नेमका तिथे येऊन त्याची अक्कल संपली.  बसस्टॉपवर तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "पोटात ढवळता ता दोनीकडे सारख्याच. मग एकाक गोळी, आनी दुसऱ्याक पद्धत, ह्या कसा गो?"

त्या वाटीची गोष्ट तुझ्या आजाराच्या आधीपासूनची होती. बुद्धपौर्णिमेला काकू खीर द्यायच्या. आपण दारात हसून घ्यायचो, "कशाला त्रास घेतलात" म्हणायचो, आणि दार लोटलं की खीर मोरीत. वाटी राखेने घासून, कढत पाणी ओतून, पुसून परत. आणि रिकामं भांडं परत देऊ नये म्हणून तिच्यात साखर घालून! किती सभ्य माणसं आपण. साखर घेऊन मीच जायचे आणि काकू माझ्या गालावरून हात फिरवायच्या. हे आत्या करायची, बाबांना माहीत होतं, तू निरोगी होतीस तेव्हाही करायचीस. त्याला कोणी कौल लावला नाही.

मग तू एकेक करत चाललीस. कडी धरून बसायचीस, कपाळावर घाम. तोटी धरलीस. एका रविवारी माझ्या डोक्यावर तेल घातलंस, वेणी घातलीस, आणि तेलकट हात मांडीवर उलटे ठेवून तशीच बसून राहिलीस. मी हलले नाही, वाटलं हलले तर तू उठशील. पुढे बुद्धपौर्णिमा आली. आत्या नेमकी आपल्याकडे होती. काकूंनी वाटी दिली, तू ती घेऊन आत आली नाहीस. तिथेच उंबरठ्यावर बसलीस आणि बोटांनी खीर खायला लागलीस. घास गिळताना मान ताणली जात होती, डोळ्यांत पाणी, पण शेवटपर्यंत खाल्लीस. आत्या आतून ओरडली, "अगं, आता मात्र खरंच वेड लागलं हिला!" बघ ना, रक्त येईपर्यंत हात धुतलेस तेव्हा देवमाणूस, आणि शेजारणीची खीर खाल्लीस तेव्हा वेडी. काकू तिथेच उभ्या होत्या. त्या मूर्ख नव्हत्या. तुझा चेहरा त्यांना दिसत होता. त्यांनी विचारलं, "औषध म्हणून खाल्लीत का वहिनी?" मला वाटलं तू काहीतरी गोड खोटं बोलशील. तू म्हणालीस, "होय. औंदा औषद म्हणान. फुडच्या वर्साक खीर म्हणान खाईन." काकू हसल्या नाहीत. "बघू," म्हणाल्या, आणि वाटी घेऊन गेल्या. तिच्यात साखर नव्हती.

पुढच्या वर्षीही त्यांनी वाटी दिली आणि तू खाल्लीस. औषध म्हणून की खीर म्हणून, मी विचारलं नाही. बरं होणं म्हणजे काय, याचं उत्तर तेवढंच माझ्याकडे आहे. मन गप्प झालं नव्हतंच तुझं, कधीकधी तोटीकडे हात जायचा आणि तू तो मागे घ्यायचीस. पण तू गेलीस तेव्हा तेराव्याला आत्या जमलेल्या लोकांना सांगत होती, "फार सोवळ्याची बाई हो!" इतक्या कष्टाने जे अंगावरून उतरवलंस तेच तिने तुझ्या फोटोला हारासारखं घातलं.  आणि मी काय केलं, तर सगळ्यांना चहा दिला.

आता आजचं. चाळ पाडून तिथेच इमारत झाली, काकूंची मुलगी माझ्या मजल्यावर राहते. आज तिने खीर आणून दिली, स्टीलच्या डब्यात. मी खाल्ली. उभ्या उभ्या, डबा निपटून, खीर म्हणूनच खाल्ली. इतकी छान होती की फोन करून सांगितलं. मग भांडी घासायला लागले आणि माझ्या लक्षात आलं की तो डबा मी आपल्या भांड्यांत ठेवलाच नव्हता. सिंकच्या पलीकडे, खिडकीच्या कट्ट्यावर, एकटा ठेवला होता. कुणी सांगितलं नव्हतं. मनात काही आलंही नव्हतं. हाताने परस्पर ठेवला.

मी डबा उचलून आपल्या भांड्यांत घातला, सगळी एका घासणीने घासली, आणि त्याच डब्यात चहा ओतून प्यायले. मग हात धुवायला म्हणून पुन्हा नळाकडे हात गेला. तो तसाच मागे घेतला आणि ओल्या हातांनी हे लिहायला बसले. तुझा तो मंत्रचळ माझ्यात आला असेल तर त्याला गोळी आहे, मी घेईन. तो नसेल, ते दुसरंच असेल, तर मला कोणत्या डॉक्टरकडे जायचं ते माहीत नाही. हा कागद कुठे पाठवायचा नाही, भिजलाय तसा चुरगळून टाकेन. अर्धा तास कधीच होऊन गेला, आई. हात धुतलेले नाहीत. पण तुझ्याशी खोटं बोलत नाही, अजून ढवळतंय.